चार माणसांची चिठ्ठी

१

घरातून निघताना देवराव रामटेके सगळं मोजत. गॅसची कळ, नळ, खिडक्यांच्या कड्या, रक्तदाबाच्या गोळ्या आणि शेवटी माणसं. चंद्रपूरच्या कॉलेजात त्यांनी तेहतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं होतं. आकड्यांवर त्यांचा विश्वास होता, स्वतःवर नव्हता. कुलूप लावून दहा पावलं गेलं की परत येऊन ते ओढून पाहत.

जनगणनेच्या दोन खेपांना ते पर्यवेक्षक होते. नव्या प्रगणकांना पहिल्याच दिवशी सांगत, "सगळ्यात जास्त चूक कुठं होते माहीत आहे? मोजणारा स्वतःला मोजायला विसरतो. आपलं घर आधी भरा." पोरं हसत. आणि त्यातलीच दोघंतिघं दरवेळी विसरत.

मे १९९८च्या त्या पहाटे माणसं पाच भरली. अश्विन, त्यांचा मुलगा, घुग्घुसच्या कोळसा खाणीच्या ऑफिसात होता. त्यानं नुकतीच जुनी मारुती व्हॅन घेतली होती. सून हर्षा. सात वर्षांची नात खेमा. बायको अंजनाबाई. आणि ते स्वतः.

जायचं होतं मछलीपट्टणला, समुद्रावर. सिरोंच्याला गोदावरीच्या कोरड्या पात्रातून उन्हाळ्यात गाड्या पार होतात, तिथून पुढे वरंगल, आणि मग सरळ समुद्र. सहल सगळ्यांची असली तरी समुद्र अंजनाबाईंचा होता.

"लग्न झालं त्या वर्षी मले समुद्र दाखवतो म्हणले होते हे," अंजनाबाई व्हॅनमध्ये चढता चढता हर्षाला सांगत होत्या. "एक्केचाळीस वर्सं झाले. तवापासून पिशवी भरून बसली आहो मी."

"आई, आता बसा, नाईतं बाबा पुन्हा मोजतीन," अश्विन म्हणाला.

अंजनाबाईंच्या मांडीवर टोपली होती. तिच्यात तिखटाच्या पुऱ्या आणि आलूची भाजी. प्रत्येकाचं वेगळं पाकीट, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेलं. देवरावांनी तीही मोजली होती. पाच.

२

आलापल्ली मागं पडलं आणि दोन्ही बाजूंनी साग सुरू झाला. मे महिन्यातला साग म्हणजे नुसते खांब. पानं सगळी खाली, पापडासारखी वाळलेली, आणि वर रखरखीत पांढरं आभाळ. कुठं कुठं जमीन जळून काळी झाली होती.

पुढे जंगलनाका लागला. रस्त्यावर आडवा बांबू, एका टोकाला दगड बांधलेला, बाजूला एक टिनाची खोली. खोलीतून खाकी सदरा घातलेला म्हातारा आला. अश्विननं नाव विचारलं तर म्हणाला, मुखरू.

"वणव्याचे दिवस आहेत साहेब. आत जितके गेले तितके बाहेर निंगाले पाह्यजे. चिठ्ठी घ्या, तिकडच्या नाक्यावर द्या. तो मानसं मोजते अन् बांबू उचलते."

देवराव पाय मोकळे करायला खाली उतरलेच होते. मुखरूनं चिठ्ठ्यांचं पुस्तक त्यांच्याच पुढं धरलं. "तुमी लिवा सर. माहा चश्मा फुटला. अन् खाडाखोड करू नोका, तिकडचा कोलू लई बोंबलते. गाडी वापस पाठवते."

बॉनेटवर पुस्तक ठेवून देवरावांनी गाडीचा नंबर लिहिला. दोनदा तपासला. मग खिडकीतून आत पाहिलं. पुढे अश्विन, त्याच्या शेजारी हर्षा. मागे अंजना आणि खेमा. त्यांनी स्वच्छ, गोल अक्षरात आकडा लिहिला आणि खाली सही केली. मुखरूनं शिक्का मारला.

बांबू वर गेला, व्हॅन पलीकडे गेली, आणि बांबू लगेच खाली आला. देवराव अलीकडेच राहिले.

"अहो, मी?"

मुखरू पाठ फिरवून खोलीकडे चालला होता. म्हाताऱ्याला ऐकू कमी येत असेल. देवराव कमरेत वाकून बांबूखालून पलीकडे गेले. हे त्यांना उगाच अपमानासारखं वाटलं. मग असं वाटल्याबद्दल स्वतःचाच राग आला.

३

बारा वाजता एका मोठ्या मोहाखाली जेवायला थांबले. अंजनाबाईंनी टोपली उघडली आणि त्यांचा हात आतच थांबला.

"चारच आहेत वं हर्षा."

"पडलं असन आई एखादं गाडीत."

गाडीत नव्हतं. सीटखाली नव्हतं. "मी माह्या हातानं पाच बांधले," अंजनाबाई म्हणाल्या. "सुतळी पाचदा तोडली." मग त्यांनी आपलं पाकीट देवरावांच्या हातात ठेवलं. "घ्या. तुमाले गोळी घ्याची आहे. मले नाई भूक."

देवरावांनी अर्ध्या पुऱ्या त्यांना द्यायला घेतल्या. त्यांनी हात मागं ढकलला. देवरावांनी खाल्लं. सुतळी बोटाला गुंडाळत त्यांनी मनाशी पडताळा केला. मोजताना त्यांनी पाकिटं पाहिली होती का, की नुसता 'पाच' म्हटला होता? अडुसष्टाव्या वर्षी डोळ्यांपेक्षा सवयच जास्त पाहते. पाकीट घरी ओट्यावर राहिलं असेल.

रस्त्याच्या पलीकडे झाडांखाली सातआठ माणसं ओळीनं बसली होती. कोणाजवळ पिशवी, कोणाजवळ पत्र्याची पेटी.

"तेंदूपत्त्याचे मजूर दिसतात," देवराव म्हणाले.

"यष्टीची वाट पाहून राह्यले," अश्विन म्हणाला.

"मम्मी, त्या काकानं रेनकोट काऊन घातला?" खेमानं विचारलं.

खरंच, एकानं रेनकोट घातला होता. गळ्यापर्यंत बटणं लावलेला. त्याच्या शेजारची बाई लोकरी शालीत गुरफटून बसली होती. अंगाची लाही होत होती.

"येडा असन बेटा. उन्हानं डोस्कं फिरलं त्याचं."

ती माणसं आपसांत बोलत नव्हती. रस्त्याकडे तोंड करून बसली होती. नजरानजर झाली म्हणून देवरावांनी हात केला. रेनकोटवाल्यानं हात केला नाही. तो फक्त किंचित सरकला, एखाद्याला बसायला जागा द्यावी तसा.

तेवढ्यात हर्षा खळखळून हसली. तिच्या हातात नाक्यावरची चिठ्ठी होती. "बाबा! तुम्ही चारच लिहिले!"

"काय?"

अश्विननं चिठ्ठी घेतली आणि मांडीवर थाप मारली. "घ्या! अर्धा जिल्हा मोजला या माणसानं, अन् सोताले मोजाले विसरला!"

"आबा, तुमी आलेच नाई मंग," खेमा म्हणाली आणि सगळे पुन्हा हसले. देवरावही हसले. कान तापले होते.

"दुरुस्त करतो," त्यांनी खिशातून पेन काढलं.

"राहू द्या. खाडाखोड केली तं वापस पाठवते म्हणे तो. चार तं चार. कोण मोजते?"

एकट्या अंजनाबाई हसल्या नव्हत्या. त्या रिकामी टोपली पुन्हा चाचपत होत्या.

४

अर्ध्या तासानं मागचं चाक बसलं. अश्विननं शिव्या देत स्टेपनी काढली. हर्षा आणि खेमा सावलीत गेल्या. त्यांच्या पायांखाली वाळली पानं कडाकड मोडत होती. खेमाला त्या आवाजाची गंमत वाटत होती, ती मुद्दाम नाचत होती.

देवराव लघवीला म्हणून आत झाडांत गेले. वीसेक पावलं गेल्यावर थबकले. खेमाचा आवाज येत होता. जॅकचा आवाज येत होता. लांब कुठंतरी सुतार पक्षी झाड टोकरत होता. पण त्यांच्या पायाखाली घोट्यापर्यंत पानं होती आणि ती वाजत नव्हती. त्यांनी पाय उचलून जोरात आपटला. पान मोडलं, तुकडे झाले. आवाज नाही.

कान, त्यांनी स्वतःला सांगितलं. मागच्या वर्षी डॉक्टर म्हणाले होते, बारीक आवाज ऐकू येणं कमी होत जाईल. पण मग खेमाची पानं कशी ऐकू येतात? ती जास्त लांब आहेत. अंतराचा, वाऱ्याचा विचार करत ते परत फिरले.

व्हॅन निघाली होती.

ते धावले. "अश्विन! अरे अश्विन!" व्हॅन वळणापर्यंत गेली. मग अचानक ब्रेक लागले, दार उघडलं आणि अंजनाबाईंचा आवाज आला, "अरे तुह्या बापाले सोडून कुठी चालला? डोळे फुटले का तुमचे?"

"सॉरी बाबा," अश्विन ते चढताना म्हणाला. तो त्यांच्याकडे पाहत नव्हता, आरशात केस सारखे करत होता. "मले वाटलं सगळे बसले."

५

पुढच्या तासाभरात तीन गोष्टी झाल्या. सुट्या सुट्या पाहिल्या तर प्रत्येकीला कारण होतं.

हर्षानं पुढून मागं वळून बॅग ठेवली. सीटवर नाही, देवरावांच्या मांडीवर. रिकाम्या जागी ठेवावी तशी ठेवली आणि वळली. त्यांनी "अगं हर्षा" म्हटलं. खिडकीतून वारा येत होता.

खेमा आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली आणि पाय त्यांच्यावर पसरले. तिची सँडल त्यांच्या बरगडीत रुतली. त्यांनी पाय बाजूला केला. पाय परत आला.

मग अश्विन म्हणाला, "वरंगलले एकच रूम घेऊ. तिघं पलंगावर, अन् मी खाली चटईवर."

"आणि मी?" देवरावांनी विचारलं. मोठ्यानं विचारलं.

अश्विननं गिअर बदलला. मग अंजनाबाईंनी त्यांचा हात धरला. "मी आहो ना," त्या हळूच म्हणाल्या. "मले दिसता तुमी."

'मले दिसता.' हे दोन शब्द देवरावांनी मनात परत म्हणून पाहिले. म्हणजे तिलाही कळलं होतं. वेड एकाला लागतं, दोघांना एकदम लागत नाही.

त्यांनी विचार केला. आयुष्यभर करत आले तसाच, एक एक पायरी उतरत. आत चार गेले, असं चिठ्ठीत आहे. बाहेर चार निघाले पाहिजेत. गाडीत पाच आहेत. हे वजाबाकीचं गणित आहे, आणि वजाबाकी नाक्याच्या आत पुरी व्हायची आहे. मूर्खपणा आहे हा, त्यांनी स्वतःला बजावलं. पण उत्तर बदलत नव्हतं. चारांत कोण नाही, हे त्यांनीच ठरवलं होतं. गोल अक्षरात, सही करून.

अंजनाबाईंची पकड घट्ट होती. त्यांना धरून ठेवणारं तेवढंच होतं.

६

दुसरा नाका अडीच वाजता आला. तसाच बांबू, तशीच टिनाची खोली. उजव्या हाताला साठसत्तर पावलांवर बोअरिंगचा हातपंप आणि त्याच्या मागं झाडांची दाट सावली. पलीकडे रस्ता मोकळा होता. दूर गोदावरीची रेती चमकत होती.

देवरावांची जीभ टाळूला चिकटली होती. "पाणी," ते म्हणाले.

पुढे दोघंही हलली नाहीत. अंजनाबाईंनी थर्मास उचलला. "आणते. बोअरिंगचं थंड असते. तुमी बसा, उतरू नोका बिलकुल."

त्या उतरल्या. निळ्या काठाचं पातळ, पायात रबरी चप्पल, हातात लाल थर्मास. पानांवरून कडकड करत बोअरिंगकडे गेल्या. मग दांड्याचा आवाज सुरू झाला. खट-खळ. खट-खळ.

खोलीतून कोलू आला. काळा, बारीक, कानात मुरकी घातलेला माणूस. अश्विननं चिठ्ठी दिली. कोलूनं ती उन्हात धरून पाहिली, खिडकीशी वाकला आणि बोट रोखून मोजू लागला.

बोट अश्विनवर आलं. हर्षावर आलं. खेमावर आलं. मग ते देवरावांवर आलं आणि थांबलं. कोलूनं सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. त्या दुपारी त्यांच्याकडे असं पाहिलेला तो दुसराच माणूस.

"चार," कोलू म्हणाला. "बरोबर हाय."

त्याच क्षणी देवरावांना स्वतःच्या श्वासाचा आवाज आला. घामानं ओला शर्ट पाठीला चिकटला. खेमानं झोपेतच पाय आखडून घेतला. हर्षा मागं वळली आणि त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "बाबा, चेहरा काऊन असा झाला तुमचा? पाणी पाह्यजे का?" तिनं पायाशी ठेवलेली बाटली दिली. बाटली भरलेली होती.

खट-खळ. खट-खळ.

बांबू वर गेला.

फक्त म्हणायचं होतं, थांबा. एक बाई बोअरिंगवर आहे. सहा शब्दही नाहीत. देवरावांकडे ते शब्द होते, तोंड ओलं झालं होतं, आणि वेळ होता. नंतर आयुष्यभर त्यांनी तो वेळ मोजला. दांडा नऊ वेळा खाली-वर झाला, एवढा वेळ होता.

"निघू ना बाबा?" अश्विननं विचारलं. आरशातून त्यांच्याकडेच पाहत विचारलं.

"चल," देवराव म्हणाले.

व्हॅन बांबूखालून गेली. मागं पाहायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण बाजूचा आरसा त्यांच्या समोरच होता. त्यात बोअरिंग दिसलं. अंजनाबाई थर्मास घेऊन वळल्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत, धावल्या नाहीत. बांबू खाली येताना पाहत उभ्या होत्या. त्यांच्या मागं सावलीत माणसं ओळीनं बसली होती, आणि रेनकोटवाला किंचित सरकला.

७

मछलीपट्टणचा समुद्र मातकट होता. खेमा लाटांना लाथा मारत ओरडत होती. अश्विननं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती.

"आईले दाखवाचं राहूनच गेलं," तो म्हणाला.

देवराव त्याच्याकडे वळले. "काय म्हणालास?"

"म्हणजे, ती असती तं. बारा वर्सं झाले, नाई? कावीळ झाली तवा मी फायनलले होतो."

"आईंचा फोटो तरी आणायचा होता," हर्षा हळहळली. "मी पाहिलंच नाही त्यांना."

देवराव रेतीत बसले. आश्चर्य असं की त्यांना थोडं थोडं आठवायला लागलं. सरकारी दवाखान्याचा हिरवा पडदा. डोळ्यांतला पिवळेपणा. घरी म्हटलेलं त्रिशरण. आठवत होतं की सांगितल्यामुळे दिसत होतं, हे त्यांना ठरवता येईना. स्मरणशक्ती ही साक्षीदार म्हणून किती कच्ची असते, यावर त्यांनी एकदा व्याख्यान दिलं होतं. ती बारा वर्षांपूर्वी गेली असेल, तर त्यांनी काही केलं नव्हतं. मान्य करायला हे सोपं होतं. जवळजवळ झालंच होतं मान्य.

बोटाला सुतळी होती. पाकिटाची. दोन दिवसांत बोटावर तिचा वळ उठला होता.

त्यांनी ती सोडवून पाण्यात टाकली. लाटेनं ती परत पायाशी आणून ठेवली. त्यांनी पुन्हा टाकली. या वेळी ती आली नाही, आणि ते उठून खेमाला हाक मारायला गेले. आवाज अगदी स्वच्छ निघाला.

८

परतीला अश्विननं तोच रस्ता धरला. देवरावांनी आसिफाबादवरून जाऊ म्हणून पाहिलं. "लांब पडते बाबा," अश्विन म्हणाला. आता त्यांचं प्रत्येक बोलणं ऐकलं जात होतं, प्रत्येकाला उत्तर मिळत होतं.

कोलूनं गाडी अडवली आणि चिठ्ठ्यांचं पुस्तक आणलं. "लिवा सर तुमीच. किती मानसं ते बराबर लिवा."

देवराव उतरले. पायाखाली पानं कडाकड मोडली.

बोअरिंगमागच्या सावलीत ती ओळ होती. शेवटी, रेनकोटवाल्याच्या शेजारी, निळ्या काठाचं पातळ. लाल थर्मास मांडीत उभा, आणि त्याचं झाकण भरून दोन्ही हातांत धरलेलं. काठोकाठ पाणी होतं, इतक्या लांबून ते लखलखत होतं. अंजनाबाईंनी तीन दिवस ते सांडू दिलं नव्हतं. त्यांचे डोळे देवरावांवर होते. राग नव्हता त्यांत. त्या विचारत होत्या, तहान लागली असन ना?

पाच लिहायचा. आत पाच गेले म्हटलं की मुखरूच्या नाक्यावर पाच निघाले पाहिजेत. गणित दोन्ही बाजूंनी चालतं. ती उठेल, पानांवरून येईल, त्यांच्या शेजारी बसेल. अश्विनला आई मिळेल. समुद्र नाही, पण घर मिळेल.

पेनाचं टोक कागदाला टेकलं.

ती बसेल आणि आधी पाणी पुढं करेल. तुमच्यासाठी आणलं, म्हणेल. मुलाच्या, सुनेच्या, नातीच्या देखत ते पाणी त्यांना प्यावं लागेल. आणि घरी, रोज सकाळी, रोज जेवताना, ती त्यांना दिसत राहील. ते तिला दिसत राहतील.

"बाबा, किती वेळ?" अश्विननं हॉर्न दिला. "चार लिहाचे आहे, त्याले काय इचार कराचा!"

बोअरिंगकडे पाठ करून देवराव खिडकीकडे वळले. पण या खेपेला आत पाहण्याआधी त्यांनी पेनाचं टोक स्वतःच्या छातीला टेकवलं.

"एक," ते म्हणाले.